मराठीत शोधलं की महाराष्ट्रच का येतो? सीमाभागातल्या फोनची भाषा आणि मुक्काम नीट लावण्याची रीत

पेरणीच्या आधीचे दिवस. नंदगडकडच्या एक मावशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आल्या. सोसायटीच्या पीककर्जाला जमिनीचा उतारा हवा होता. पुतण्याने दिलेला फोन माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बघ की बाळा, ह्याच्यात आमचं गावच सापडंना झालंय." नातीने मराठीत 'जमिनीचा उतारा ऑनलाइन' असं टाकलं होतं आणि महाराष्ट्राचं महाभूलेख उघडलं होतं. जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर होतं, सांगली होती, सिंधुदुर्ग होता. बेळगाव कुठून असणार? जमीन खानापूर तालुक्यातली. तिचा कागद कर्नाटकाच्या 'भूमी'वर निघतो आणि त्याला इथे आरटीसी किंवा पहाणी म्हणतात.

साइट खोटी नव्हती, नातीने टाकलेले शब्दही मराठी म्हणून बरोबरच होते. पण भाषा मराठी दिसली की सर्च माणूस महाराष्ट्रातला धरतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर, तिकडे हल्याळ-जोयडा, वर भालकी-औराद, या पट्ट्यात हा घोळ रोजचा. आणि घोळ झाला की लोक एकच उपाय करतात: फोन इंग्रजीत टाकतात. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो वाचता येत नाही. त्याची काही गरज नाही. भाषा मराठी ठेवूनही मुक्काम कर्नाटकातला सांगता येतो. फक्त या दोन गोष्टी फोनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

खाली मी मुख्यतः अँड्रॉइड आणि गूगलबद्दल लिहिलंय, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेकांकडे तेच असतं. मेनूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर भिंगाची खूण असते, तिथे 'लँग्वेज' किंवा 'लोकेशन' टाका.

आधी बघा, फोनच्या मते तुम्ही कुठे आहात

सेटिंग बदलायला धावू नका. गूगलवर 'जवळचा पेट्रोल पंप' असं काहीतरी शोधा आणि पान पार तळापर्यंत सरकवा. तिथे करड्या अक्षरांत एका ठिकाणाचं नाव असतं. लोक तिथपर्यंत कधी जातच नाहीत, म्हणून ती ओळ कुणाला माहीत नसते. नावाच्या शेजारीच ते नाव कुठून आलं तेही लिहिलेलं असतं: तुमच्या डिव्हाइसवरून, आयपी ॲड्रेसवरून (म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळणाऱ्या नंबरवरून), तुम्ही सेव्ह केलेल्या ठिकाणांवरून, किंवा आधीच्या शोधांवरून. रोग कुठला ते या ओळीत कळतं, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

'आयपी ॲड्रेसवरून' असेल तर गोष्ट अशी आहे. मोबाइल डेटा तुमच्या गावच्या टॉवरवरून थेट जगात जात नाही, तो आधी कंपनीच्या मोठ्या केंद्रात जातो आणि तिथून बाहेर पडतो. सर्चला ते केंद्र दिसतं, तुमचं गाव दिसत नाही. दूरसंचार खात्याच्या हिशेबात कर्नाटक हे एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, मुंबई आणखी निराळं. म्हणून बेळगावात घेतलेल्या सिमवर बेंगळूरु दिसणं नेहमीचं. निपाणी-कोगनोळीकडे बऱ्याच जणांची सिमं कोल्हापूरची असतात, कारण बाजार तिकडचा, पाहुणे तिकडचे. त्यांना पुणे नाहीतर मुंबई दिसतं. हा आयपीचा अंदाज तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. त्यामागे वेळ घालवू नका. फोनला जीपीएसवरून खरं ठिकाण सांगू द्या, म्हणजे आयपीकडे बघायची पाळीच येत नाही.

ते असं करायचं. सेटिंग्जमध्ये 'लोकेशन' चालू करा. तिथेच 'ॲप परमिशन' असतं, त्यात क्रोम आणि गूगल ही दोन्ही शोधा. प्रत्येकाला 'ॲप वापरत असताना परवानगी' द्या आणि खालचं 'प्रिसाइज लोकेशन'चं बटणही चालू ठेवा. ते बंद असलं तर फोन मोघम ठिकाण सांगतो, आणि सीमेवर मोघम ठिकाण म्हणजे अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात. मग 'लोकेशन सर्व्हिसेस'मध्ये 'गूगल लोकेशन ॲक्युरसी' चालू आहे ना ते बघा. आता पुन्हा सर्चच्या पानाच्या तळाशी जा आणि 'स्थान अपडेट करा' दाबा.

दाबूनही काही हललं नाही तर बहुधा कधीतरी कुणीतरी 'ब्लॉक' दाबलेलं असतं. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटी खूण आहे. ती दाबून 'परमिशन्स'मध्ये लोकेशनला परवानगी द्या. आयफोनवर सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'लोकेशन सर्व्हिसेस', आणि त्यात 'सफारी वेबसाइट्स'.

ओळीत 'तुमच्या ठिकाणांवरून' असं असेल तर मॅप्समधला 'होम'चा पत्ता बघा. मावशींच्या फोनमध्ये हेच निघालं. पुतण्या कोल्हापुरात नोकरीला होता तेव्हा त्याने होम म्हणून आपली खोली टाकली होती. फोन मावशींकडे आला, खातं तेच राहिलं. घर कोल्हापुरात! मॅप्समध्ये सेव्ह केलेल्या जागांच्या यादीत जाऊन तो पत्ता बदलला. खरं तर जुना फोन देताना खातंच नवीन काढून द्यावं, पण तेवढं कोण करतं.

आणखी एक चमत्कारिक प्रकार. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलेल्या एका पोराने वायफायचा राउटर सोबत आणला. घरातल्या सगळ्यांचे फोन चारभिंतीत असले की पुणे दाखवायचे, दारात आले की बेळगाव. फोन आसपासच्या राउटरवरूनही ठिकाण ओळखतो आणि त्या राउटरची नोंद पुण्याची होती. असं असेल तर घरातल्या दोन-तीन फोनांवर लोकेशन काही दिवस चालू ठेवा, नोंद आपोआप बदलते.

व्हीपीएनचं ॲप असेल तर ते बंद करून बघा. त्याचं कामच तुम्ही दुसरीकडे आहात असं भासवायचं आहे.

दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जीपीएस नसतं. वायरने इंटरनेट असेल तर आयपीच्या अंदाजावरच भागवावं लागतं. तिथे सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा शोधताना गाव आणि पिन कोड सोबत टाकणं सोपं.

'रीजन'मध्ये कर्नाटक शोधू नका

सर्चच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज अँड रीजन' असा भाग आहे. मोबाइलवर गूगल ॲपमध्ये आपला फोटो दाबून सेटिंग्जमध्ये गेलात की सापडतो. कॉम्प्युटरवर गूगलच्या पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'सेटिंग्ज' असतं, त्यातून. अनेकजण रीजनच्या यादीत कर्नाटक शोधत बसतात. ते नाहीच. ती यादी देशांची आहे. तिथे 'इंडिया' आहे की नाही एवढंच बघायचं. भलताच देश असेल तर दुरुस्त करा, नसेल तर पुढे चला. राज्य कुठलं हे फक्त वर सांगितलेल्या लोकेशनवरून ठरतं.

पत्त्याच्या शेवटी 'डॉट को डॉट इन' लिहिलं की भारताचं गूगल येतं, हा जुना समज अजून ऐकू येतो. ऑक्टोबर २०१७ पासून गूगल पत्त्याचं शेपूट बघून देश ठरवत नाही, ठिकाण बघून ठरवतं. एप्रिल २०२५ मध्ये तर हे देशादेशांचे पत्ते डॉट कॉमकडे वळवणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं.

भाषा: एक जागा नव्हे, चार

गोंधळ इथे खरा. फोनची भाषा वेगळी, गूगल खात्याची वेगळी, क्रोमची वेगळी आणि सर्चच्या निकालांची वेगळी.

फोनची भाषा सेटिंग्ज, 'सिस्टिम', 'लँग्वेजेस' इथे. एकापेक्षा जास्त भाषा लावता येतात आणि ओढून वरखाली करता येतात. मी मराठी, इंग्रजी, कन्नड असा क्रम लावून देतो. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. फोन मराठीत, बँकेचं ॲप इंग्रजीत, असं चालतं. बँकेच्या ॲपमधलं मराठी वाचून माझेच डोळे फिरतात, म्हणून सांगतो.

खात्याची भाषा 'मॅनेज युअर गूगल अकाउंट', मग 'पर्सनल इन्फो', त्यात खाली 'लँग्वेज'. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: तुमचा वापर बघून गूगल आपण होऊन भाषा जोडत असतं. देवनागरीत टाईप करणाऱ्याच्या नावावर हिंदी कधी येऊन बसते कळत नाही. यादीत हिंदी दिसली आणि तुम्हाला नको असेल तर काढा, आणि आपोआप भाषा जोडण्याचं बटण बंद करा.

क्रोमची भाषा क्रोमच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, 'लँग्वेजेस'. उघडणाऱ्या प्रत्येक साइटला क्रोम हा क्रम कळवतो. मराठी वर असेल आणि साइट मराठीत असेल तर ती मराठीत उघडू शकते. इथेच भाषांतराचंही बटण आहे. कन्नड पान मराठीत वाचायला ते फार कामाचं, पण फॉर्म भरताना ते बंद ठेवा. भाषांतर यादीतल्या गावांच्या आणि माणसांच्या नावांनाही सोडत नाही. नावाचा अर्थच मराठीत लिहून येतो, आणि मग आपलं गाव यादीतून गायब.

चौथी जागा सर्वांत घातक. सर्चच्या सेटिंग्जमध्ये दोन वेगळ्या ओळी आहेत. एक 'डिस्प्ले लँग्वेज', म्हणजे बटणं कुठल्या भाषेत दिसावीत. ती खुशाल मराठी ठेवा. दुसरी निकालांच्या भाषेची गाळणी. तिथे कुणी प्रेमाने एकट्या मराठीवर टिक केली, की सर्च फक्त मराठी पानं दाखवतो. आपल्या कामाची सरकारी पानं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. ती सगळी चाळणीतून खाली पडतात आणि वर उरतो तो महाराष्ट्र. माझ्याकडे आलेल्या 'काहीच सापडत नाही' म्हणणाऱ्या फोनांत हे बऱ्याचदा निघतं. गाळणी मोकळी ठेवा. ठेवायचीच असेल तर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींवर टिक करा.

खात्यात लॉगिन नसताना केलेली ही सेटिंग्ज ब्राउझरमध्येच साठतात. हिस्टरी आणि कुकीज साफ केल्या की जातात. फोन 'हलका' करून देतो म्हणणारी पोरं हेच करतात. म्हणून लॉगिन करून बदला.

दोष खात्यात आहे की फोनमध्ये हे कळत नसेल तर क्रोमच्या इनकॉग्निटो खिडकीत, जी तुमच्या खात्याशिवाय उघडते, तोच शोध करा. तिथे नीट आलं तर बिघाड खात्याच्या सेटिंगमध्ये. तिथेही चुकलं तर फोनच्या लोकेशनमध्ये.

बोलून शोधणाऱ्यांसाठी

ज्यांना टाईप करता येत नाही ते माइकवर बोलतात. मराठी आवाज ओळखणं गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू केलं, कन्नडही त्याच वेळी. पण माइकची भाषा हिंदीवर असेल तर तुम्ही 'पाणी' म्हणता आणि तो 'पानी' लिहितो. मग निकालही हिंदी. गूगल ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'व्हॉइस', मग 'लँग्वेजेस' आणि 'मराठी (भारत)'. कीबोर्डच्या माइकची भाषा वेगळी असते, तीही बघा. आपली बेळगावी बोली, 'कराय लागलोय', 'जाऊया की', त्याला नेहमी कळते असं नाही. कामाचे दोन-तीन शब्द बोला, अख्खं वाक्य नको.

टाईप करणाऱ्यांनाही हिंदीचा त्रास होतो, कारण लिपी एकच. 'बस' किंवा 'दर' हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच. सोबत 'कुठे', 'किती', 'आहे' असा एखादा अस्सल मराठी शब्द जोडला की सर्चला भाषा कळते.

सेटिंग बरोबर, शब्द मात्र सीमेपलीकडचे

एवढं करूनही मावशींना महाभूलेखच दिसलं असतं, कारण 'उतारा' किंवा 'सातबारा' हे शब्द ज्या पानांवर आहेत ती महाराष्ट्राचीच आहेत. आपण बोलतो मराठी, पण कागदांची नावं कर्नाटकाची. सर्चला कागदाचं नाव द्यावं लागतं.

जमिनीसाठी 'भूमी आरटीसी' किंवा 'पहाणी' टाका. फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका, मग होबळी, गाव, सर्व्हे नंबर, सरनॉक आणि हिस्सा विचारतात. होबळी म्हणजे तालुका आणि गाव यांच्या मधला टप्पा. हे नाव महाराष्ट्रात नाही, म्हणून बाहेरून आलेले तिथे अडतात. आपली होबळी जुन्या पहाणीवर लिहिलेली असते.

जात-उत्पन्नाच्या दाखल्याला 'आपले सरकार' उपयोगाचं नाही, 'नाडकचेरी' शोधा. इतर बहुतेक अर्जांना 'सेवा सिंधू'. ग्रामपंचायतीतल्या घराच्या उताऱ्याला 'ई-स्वत्तू', शहरातल्या घराला 'ई-आस्ती'. लाइट बिल महावितरणचं नाही, बेळगाव-कारवारकडे हेस्कॉमचं आणि बिदरकडे जेस्कॉमचं. 'दहावीचा निकाल' टाकलात तर महाराष्ट्र बोर्ड येतं. मराठी माध्यमातलं आपलं पोरही परीक्षा एसएसएलसीची देतं, तेव्हा 'एसएसएलसी निकाल कर्नाटक' टाका. बारावीचं नाव इथे पीयूसी.

योजनांमध्ये तर पैशांचा प्रश्न असतो. मराठीत 'महिलांना दरमहा पैसे' शोधलं की महाराष्ट्राची लाडकी बहीण येते, दीड हजारांची. तिला महाराष्ट्राची रहिवासी असावं लागतं. इथल्या घरकर्त्या बाईसाठी गृहलक्ष्मी आहे, दोन हजारांची. बसचंही तसंच: तिकडे एसटीत बायकांना अर्धं तिकीट, इकडे 'शक्ती'त साध्या सरकारी बसला तिकीटच नाही. मराठी बातमी वाचून कंडक्टरशी भांडणारी माणसं मी पाहिलीत, दोन्ही बाजूंना.

गावांच्या नावांचा वेगळा तिढा. खानापूर आपल्याकडे आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे, विट्याच्या जोडीला. उचगाव बेळगाव तालुक्यात, मळेकरणी देवीचं, आणि दुसरं कोल्हापूरला लागून. औराद बिदर जिल्ह्यात, तर औराद शहाजानी लातूर जिल्ह्यात. गॅसवाल्याचा नंबर म्हणून विट्याकडच्या एजन्सीला फोन लावून सिलिंडर कधी येणार विचारत बसलेला गिऱ्हाईक मला ठाऊक आहे. तो गिऱ्हाईक मीच.

यावर पिन कोडसारखा उपाय नाही. निपाणी ५९१२३७, खानापूर ५९१३०२, बेळगाव ५९०००१. पिनची सुरुवात ५९ किंवा ५८ असेल तर आपण कर्नाटकात, ४१ असेल तर महाराष्ट्रात. लँडलाइनलाही नीट बघा: बेळगावचा कोड ०८३१, गोव्याचा ०८३२. एका आकड्याने माणूस घाट उतरतो.

बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं. त्याआधीची पानं, जुन्या जाहिराती, जुने नकाशे अजून जुन्याच स्पेलिंगवर आहेत. इंग्रजीत शोधताना नवं स्पेलिंग सरकारी कामाला आणि जुनं दुकानं-बातम्यांना असं मी वापरतो. मराठीत मात्र 'बेळगाव'च टाका. 'बेळगांव' असा अनुस्वार देणारेही खूप, पण सर्च दोन्ही ओळखतो.

गूगलशिवाय दुसरं काही वापरत असाल तर थोडक्यात: बिंगच्या सेटिंग्जमध्ये देश आणि भाषा वेगळ्या निवडता येतात. डकडकगोमध्ये निकालांच्या वरच देशाचं बटण आहे. यूट्यूबमध्ये फोटो दाबून भाषा आणि लोकेशन बदलतात, पण तिथलंही लोकेशन देशापुरतंच.

सिम बदललं, फोन रीसेट केला किंवा नवीन खातं टाकलं की तळाची ती करडी ओळ पुन्हा एकदा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम.

मावशींचा फोन लावून झाला तेव्हा बाहेर पावसाचे थेंब पडायला लागले होते. नातीलाच 'खानापूर बेळगाव भूमी आरटीसी' टाकायला लावलं, होबळी निवडली, सर्व्हे नंबर टाकला. प्रिंटरमधून कागद आला. पहाणी कन्नडमध्ये. मावशींनी चष्मा पुसला, कागद एकदा जवळ, एकदा लांब धरला आणि माझ्यापुढे सरकवला. "आता ह्यातलं माझं नाव कुठलं, तेवढं बोट ठेवून दाखव की."